ईनबाई आणि धाकट्याचं मत

आमच्या ईनबाई टपालखात्याच्या मंत्री झाल्या असत्या, तर या देशात एकही पत्र उशिरा पोचलं नसतं; मात्र एकही पोस्टमन नोकरीत टिकला नसता. हे मी त्यांच्या माघारी म्हणत नाही, तोंडावर म्हटलेलं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "टिकला नसता तर नसता. पत्र तर पोचलं असतं की!"

ईनबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. पुस्तकात विहीण लिहितात, आमच्या तोंडात ईन बसलंय; त्याही मला ईनबाईच म्हणतात. त्या मंद्रूपच्या, मी सोलापुरातल्या भवानी पेठेतली. सोयरीक ठरली तेव्हा लोकांनी मला घाबरवलं होतं, की बाई कडक आहे. कडक तर आहेच, पण आमच्या ज्वारीच्या कडक भाकरीसारखी. आमटीत बुडवून जरा दम धरावा लागतो, मग अशी मऊ होते की विचारू नका. व्याही मात्र काही बोलत नाहीत. बिचाऱ्यांना तशी गरजच पडत नाही.

ईनबाईंचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, जगात कुठलीही वस्तू आपोआप कुठं जात नाही, ती कुणीतरी नेतं, आणि त्या कुणाचं तरी नाव आपल्याला माहीत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझे जावई सोलापुरात शिकायला होते तेव्हा त्यांचा जेवणाचा डबा रोज मंद्रूपहून एसटीनं यायचा. गावाकडचे सगळेच डबे तसे येतात, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवले की झालं. पण ईनबाईंचा डबा असा सुटत नसे. ड्रायव्हर कोण, कुठला, बायको कुणाची लेक, घरी फोन आहे का, ही चौकशी झाल्याशिवाय डबा गाडीत चढत नसे. एकदा ड्रायव्हर नवा होता, तो डबा उतरवायला विसरला आणि गाडी पुढं बार्शीला गेली. इकडं पोरगं उपाशी. ईनबाईंनी ड्रायव्हरला फोन केला नाही. त्याच्या बायकोला केला. "बाई, तुमचे मालक आमची आमटी घिऊन बार्शीला गेल्यात. तुमी घरात करून घालत न्हाई व्हय?" त्या दिवसानंतर तो ड्रायव्हर त्यांचा डबा मांडीवर घेऊनच गाडी चालवायचा, असं लोक सांगतात. मी बघितलेलं नाही, पण माझा विश्वास आहे.

माझ्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला आम्ही दोघी मिळून गेलो होतो. मी पत्रिका द्यायचे, हात जोडायचे, उठायचे. ईनबाई बसूनच राहायच्या. घरातल्या माणसाला म्हणायच्या, "वाचा की." तो म्हणायचा, वाचतो नंतर. "न्हाई, आत्ता वाचा. वार कुठला लिवलाय?" त्यानं वार सांगितला, वेळ सांगितली, कार्यालयाचा पत्ता सांगितला, की मगच ह्या उठणार. एका घरी तर यजमानांना चष्मा सापडत नव्हता. आम्ही चष्मा सापडेपर्यंत बसलो. त्यात दोनदा चहा झाला. लग्नाला मात्र झाडून सगळे वेळेवर हजर होते. भटकंतीवर असलेला माझा भाऊसुद्धा आला, ज्याला मी बोलावलंच नव्हतं.

त्यांचा धाकटा मुलगा सैन्यात आहे. कुठं आहे ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. लई थंडी आहे एवढं कळतं. अशा ठिकाणी ईनबाई सोलापुरी चादर पाठवतात. तो फोनवर म्हणतो, "आई, सरकार देतंय की पांघरायला!" ह्या म्हणतात, "सरकारची सरकारला. ही आपली." पार्सल घेऊन सोलापूरच्या मोठ्या पोस्टात गेलं की खिडकीतली बाई विचारते, आत काय आहे? "चादर हाय, अन् शेंगाचटणी हाय. वास आला तर नाक बंद करा, तुमचा डबा येगळा आणलाय." तो वेगळा डबा खरंच असतो. खिडकीतून आत सरकवतात आणि लगेच विचारतात, "आता सांगा, हितनं कोण नेणार?"

आता इतकं वाचून तुमच्या ध्यानात आलं असेल, की मागच्या निवडणुकीत जे झालं ते ईनबाईंच्या बाबतीत व्हायला नको होतं. धाकट्याच्या मताचा कागद त्याच्या पलटणीत पोचला तो निकाल लागून गुलाल धुऊन झाल्यावर. त्यानं फोनवर हसत हसत सांगितलं. "आई, इकडं सगळे मला म्हणतात, तुझा आमदार कोण झाला, ते आता आम्हीच कळवतो तुला." आम्ही सगळे हसलो. ईनबाई हसल्या नाहीत. फोन ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या पोराला डोंगरावर चढायचा हुकूम कदी उशिरा आला न्हाई. त्यो बरोबर टायमाला येतोय. मग ह्योच कागद कसा काय वाटंत बसतोय?"

 तो प्रश्न त्यांनी पदराला गाठ मारून ठेवला असावा, कारण यंदा निवडणूक जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात ईनबाई उभ्या. हातात पिशवी, पिशवीत लुगडी, चटणीचे डबे. "काम हुईस्तवर ऱ्हाणार हाय," म्हणाल्या. मी म्हटलं, राहा की, घर तुमचंच आहे. पण काम काय? "धाकट्याचं मत. औंदा माझ्या डोळ्यादेखत जाणार."

डोळ्यादेखत जाणार म्हणजे कुठून जाणार, तर पोस्टातून. हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. मी उभा जन्म अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवण्यात घालवला, मला निवडणुकीतलं काय कळणार? मत म्हणजे कागद, कागद म्हणजे पाकीट, पाकीट म्हणजे पोस्ट. सरळ हिशोब. रोज जेवण आटोपलं की आम्ही दोघी मोठ्या पोस्टात जायचो आणि थैल्या बाहेर निघतात त्या दाराजवळच्या बाकावर बसायचो. थैली निघाली की ईनबाई उठायच्या. "भाऊ, ह्यात मिल्ट्रीचं हाय का?" तो म्हणायचा, नाही मावशी. मग ह्या बसायच्या. पुढची थैली आली की परत उठायच्या. चार दिवसांनी पोस्टातल्या लोकांना वाटलं की आम्ही कुठल्या तरी मागणीसाठी धरणं धरलंय. एकजण तर येऊन हळूच विचारून गेला, "मावशी, तुमच्या मागण्या काय आहेत?" ईनबाई म्हणाल्या, "एकच. येळंवर धाडा."

शेवटी त्या खिडकीतल्या बाईलाच आमची दया आली. त्यांनी चटणी खाल्लेली होती ना. त्या बाहेर आल्या, आमच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मिलिटरीवाल्यांचं मत आता इथून जातच नाही हो. ते निवडणूक कार्यालयातून कॉम्प्युटरवर जातं. तिकडं छापून घेतात, मत देतात, आणि परत येताना तेवढं टपालानं येतं."

मी तर खाली बघायला लागले. इतके दिवस आम्ही चुकीच्या दारात राखण करत होतो! पण ईनबाई लाजणाऱ्यातल्या नव्हेत. "मग पैल्या दिवशीच सांगायचं की," म्हणून उठल्या, आणि त्याच पावली रिक्षा थांबवली.

निवडणूक कार्यालयात एक कारकून भाऊ होते. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि हातात सारखा फोन. ईनबाईंनी शिरतानाच सगळ्या खोलीला मिळून एक दणदणीत जय भीम घातला. चार माणसं दचकली, दोघांनी परत केला. मग थेट त्या भाऊंच्या टेबलापाशी.

"मिल्ट्रीतल्या पोरांची मतं धाडली का?"

"अजून वेळ आहे मावशी. उमेदवारांची नावं पक्की झाली की लगेच जातील."

"धाडणार कोण?"

"सिस्टीममधून जातात."

"ते कळलं. धाडणार कोण?"

"मावशी, सिस्टीमच पाठवते."

ईनबाईंनी खुर्ची ओढली. "ही शिस्टीम कुटल्या गावची?"

खोलीत हशा झाला, पण ईनबाई हसण्यासाठी आलेल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की बटण असेल तर ते दाबणारं बोट असेल, बोटाला माणूस असेल, माणसाला नाव असेल. ते नाव सांगा, मी जाते. भाऊ म्हणाले, असं नाव नसतं. ह्या म्हणाल्या, मग उशीर झाला तर तो कुणाचा? भाऊंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला, परत कपाळावर नेला. ह्याचं उत्तर त्यांना कुठल्याच चष्म्यातून दिसेना.

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. एकदा आम्ही शिरलो तेव्हा भाऊ फोनवर बायकोशी कानडीत बोलत होते. ते अक्कलकोटकडचे. आम्हाला बघून हळूच म्हणाले, "आ मुदुकी मत्त बंदाळ." म्हणजे, ती म्हातारी परत आली. आता कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मंद्रूपच्या बाईसमोर कानडीत गुपित बोलणं म्हणजे खिडकी उघडी टाकून भांडण्यासारखं. ईनबाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "हौदप्पा, बंदीनि. कुंड्रला?" म्हणजे, हो बाबा, आले, बसू का? भाऊंच्या हातून फोन पडायचा राहिला. पण त्या दिवसापासून त्यांनी आमच्यासाठी दोन खुर्च्या वेगळ्या ठेवल्या, हे खरं.

ह्या भाऊंनीच एक वाट सुचवली. सैन्यातल्या माणसाला हवं असेल तर घरच्या कुणाला तरी आपल्या वतीनं मत द्यायला सांगता येतं म्हणे, आधी तशी रीतसर नेमणूक करायची. ईनबाई खूश. तिथूनच धाकट्याला फोन लावला. "तू कशाला तरास घेतोस? मीच देती की तुजं मत." पलीकडून तो काय म्हणाला ते सगळ्या खोलीला ऐकू आलं, कारण ईनबाईंचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. "आई, तू माझं मत देणार न्हाईस. तू तुझंच मत दोनदा देणार." ईनबाईंनी फोन बंद केला. "तसं खरं हाय त्याचं," म्हणाल्या.

आमचा हा कार्यक्रम एक दिवस मोठ्या बाईसाहेबांच्या कानावर गेला. मतदारसंघाची निवडणूक त्यांच्याकडं. वयानं माझ्या लेकीएवढ्या, केस घट्ट बांधलेले, डोळे झोपेविना तांबारलेले. त्या बाहेर आल्या. ईनबाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, धाडणार कोण.  बाईसाहेब म्हणाल्या, "मी. माझ्या नावानं जातात. गेली नाहीत, तर जाब मला विचारायचा."

ईनबाईंनी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. ईनबाईंना आडनावासकट पाठ आहे, तेवढं पुरे. इतक्या दिवसांनी माणूस सापडला म्हणून ईनबाईंनी आनंदानं पिशवीतून चटणीचा डबा काढला. बाईसाहेब मागं सरकल्या. "नको नको, आचारसंहिता आहे. काही घेता येत नाही."

"चटणीला कसली आचारसंहिता? चटणी कुटल्या पक्षाची असतीया व्हय?"

बाईसाहेब पहिल्यांदा हसल्या. डबा मात्र घेतला नाही. तो मग आम्ही जिन्यावर बसून संपवला, भाऊंनी लांबून वास घेतला.

उमेदवारांची नावं पक्की झाली. दुसऱ्या दिवशी मतं जाणार होती. ती रात्र गेली, त्याच्या पुढचा दिवसही गेला, आणि धाकट्याचा फोन आला की बाकीच्या गावांच्या पोरांचे कागद आले, आपल्याकडचे आले नाहीत. ईनबाईंनी लुगड्याचा पदर खोचला. मी ओळखलं, आज कार्यालयाचं काही खरं नाही.  रिक्षात त्यांची मनातल्या मनात भांडणाची मांडणी चालली होती. ओठ हलत होते.  मी देवाला म्हटलं, बाईसाहेब लेकरासारख्या, त्यांना आज रजेवर ठेव.

बाईसाहेब रजेवर नव्हत्या. ईनबाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी भाऊंना बोलावलं, कॉम्प्युटर बघितला, अजून एकदा बघितला. चेहरा उतरला. मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "मावशी, काल जायला हवी होती. काही गेली, ही एक यादी राहून गेली. मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही. चूक माझी आहे." आणि तिथंच उभ्या राहून, आमच्या देखत, राहिलेली सगळी मतं पाठवून दिली. नुसतं धाकट्याचंच नव्हे. त्या यादीत आपल्या भागातली अजूनही पोरं होती.

ईनबाई तशाच उभ्या. पदर खोचलेला, तोंड उघडं, आणि रिक्षात रचलेलं सगळं भांडण वाया गेलेलं. बाहेर जिन्यावर आल्यावर मला म्हणाल्या, "ह्ये काय झालं ओ? साठ वरसात एक सरकारी माणूस चूक कबूल करंना मला, अन् जी केली ती आज केली! आता मी भांडू कुणासंगं?" दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी माझ्याशीच बारीकसं भांडून घेतलं, आमटीला मीठ कमी म्हणून, तेव्हा कुठं बऱ्या झाल्या. मीठ बरोबर होतं.

रात्री धाकट्याचा निरोप आला. कागद मिळाला. दोन दिवसांत मत देऊन, पाकीट बंद करून त्यानं टपालात टाकलं. आता उलटी वाट. मतमोजणीच्या दिवशी सकाळी मोजायला सुरुवात व्हायच्या आत ते पाकीट सोलापुरात यायला हवं, नंतर आलं तर त्याला कुणी हात लावत नाही. ईनबाई परत पोस्टात जाऊन बसायला लागल्या. ह्या वेळी दार बरोबर होतं. पोस्टातल्या बाई सांगायच्या, डोंगरातून यायचं म्हणजे दम धरा. ह्या म्हणायच्या, "मी धरतीया. मोजणारे धरतील का?"

मोजणीच्या आदल्या दिवशी आम्ही निवडणूक कार्यालयात गेलो, तर कारकून भाऊ जिन्यातूनच ओरडले, "मावशी, मिलिटरीची थैली आली! जाड आहे!" आम्ही धावत वर. ईनबाईंनी विचारलं, माझ्या पोराचं आहे का त्यात? भाऊ म्हणाले, ते आता कुणालाच बघता येणार नाही, सगळं पेटीत बंद, बाहेर पोलीस.

"मत नका दाखवू. त्याचं त्यालाच असू द्या," ईनबाई म्हणाल्या. आवाज एकदम वेगळाच होता. "नुस्तं पाकीट. लांबनंच."

"नाही हो मावशी, नियमच नाही."

एरवी त्यांनी नियमाचंही गाव विचारलं असतं. त्या दिवशी विचारलं नाही. जिना उतरताना मला म्हणाल्या, "मोबाईल आल्यापासनं एक ओळ लिवली न्हाई त्यानं मला. बोलतुया रोज, पण बोललेलं काय ऱ्हातंय? औंदा त्याच्या हातचं कायतरी सोलापूरपातूर आलंय, ईनबाई. तुमच्या घरापासनं रिक्षाच्या अंतरावर पडलंय."  इतके दिवस मी समजत होते की ही बाई सरकारच्या मागं लागलीय.

मोजणीच्या दिवशी उजाडताच आम्ही मोजणी होणार त्या गोदामाबाहेर, पोलिसांनी बांबू बांधलेत तिथं, जाऊन उभ्या. सगळ्या पक्षांची पोरं गुलालाच्या पिशव्या लपवून उभी होती. टपालाची मतं आधी मोजतात. बऱ्याच वेळानं आतून भोंगा बोलला. ह्याला इतकी, त्याला इतकी, आणि इतकी बाद. पोरांनी आपापल्या आकड्याला आरोळ्या ठोकल्या.

ईनबाईंनी माझा दंड धरला. "बाद म्हंजे?"

मी म्हटलं, सही नीट नसली, पाकीट चुकीचं भरलं, तर ते धरत नाहीत.

 भोंगा बंद झाला. त्याचं मत कुठल्या आकड्यात गेलं, हे त्यांना कुणी कधीच सांगणार नव्हतं. बाईसाहेबसुद्धा नाहीत, आणि तो स्वतःही नाही, कारण तो फाजील पोरगा दिलेलं मत सांगत नाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आमचं बाद न्हाई व्हणार. सही करताना जीभ भाईर काढतुया त्यो. शाळंत होता तवापासनं. जीभ भाईर आली की चुकत न्हाई."

"सगळं नाव लिहितो का नुसतं आडनाव?" मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"थांबा, दावती," म्हणाल्या. आणि त्या आरोळ्यांच्या गर्दीत, बांबूला टेकून, आमच्या ईनबाईंनी जीभ जराशी बाहेर काढली आणि डाव्या तळहातावर बोटानं, अगदी सावकाश, त्याची सही काढली. शेवटच्या अक्षराला तो लांब शेपूट काढतो म्हणे. ते शेपूट तळहातावरून मनगटाकडं गेलं आणि बांगड्यांना अडून थांबलं.